पंचगंगेचा पूर आणि नवी पावकी-निमकी

(कोल्हापूर येथे कार्यकर्ते व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आषाढ सरू लागला आणि सह्याद्रीच्या माथ्यावर मेघ दाटले, की करवीरनगरीत एकच प्रश्न कानी पडतो, "पाणी किती फुटांवर?" शिवाजी चौकातील चहाच्या गाड्यापासून पेठेतील माजघरापर्यंत या प्रश्नाचा रोख कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावरील पट्टीवर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे कोल्हापुरातील शाळकरी मुलालाही तोंडपाठ आहे.

परंतु पावसाळ्यातील एखाद्या सायंकाळी हाती येणारी पूरवार्ता जरा सावकाश वाचून पाहावी. गगनबावड्यात चोवीस तासांत इतके मिलिमीटर पाऊस. राधानगरीचे इतके दरवाजे उघडून इतक्या क्युसेकने विसर्ग. कोयनेत इतके टीएमसी साठा. राजाराम बंधाऱ्यावर इतके फूट इतके इंच. आणि अलमट्टीची पातळी इतके मीटर. वाक्ये पाच आणि मापेही पाच. त्यांतील मिलिमीटर आणि मीटर ही मेट्रिक पद्धतीची. क्युसेक, टीएमसी आणि फूट-इंच ही इंग्रजी पद्धतीची. नदी एक, पाऊस एक, संकटही एकच. पण ते सांगणारी भाषा मात्र दुभंगलेली.

प्रयाग चिखली किंवा आंबेवाडी येथील शेतकऱ्याला यातून एकच गोष्ट हवी असते. दावणीची जनावरे आता सोडायची की सकाळी? अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध आईला रात्रीच हलवायचे की उजाडल्यावर? २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेने पंचावन्न फुटांची मर्यादा ओलांडली, पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि अशा प्रश्नांची उत्तरे ज्यांना वेळेत मिळाली नाहीत, त्यांच्या गोठ्यांची काय अवस्था झाली हे या जिल्ह्याने उघड्या डोळ्यांनी पाहिले. म्हणून एका मापाचे दुसऱ्या मापात रूपांतर करणे हा केवळ शालेय गणिताचा विषय राहत नाही. तो समाजाच्या संरक्षणाचा विषय होतो.

मापाची मर्यादा आणि राजधर्म

मापांविषयीची दक्षता या भूमीला नवी नाही. सिंधू-सरस्वतीच्या काठावरील नगरांच्या उत्खननात कठीण दगडाची घनाकृती वजने सापडली. शेकडो कोसांच्या अंतरावरील नगरांतही त्या वजनांचे प्रमाण एकसारखे आढळते. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे एकाच वजनावर विश्वास ठेवून व्यवहार करीत होती, हा त्याचा अर्थ. कौटिल्याने अर्थशास्त्रात मापांच्या देखरेखीसाठी 'पौतवाध्यक्ष' हा स्वतंत्र अधिकारी सांगितला. वजने लोखंडाची असावीत, अथवा मगध व मेकल येथील दगडाची, किंवा पाण्याने वाढणार नाही आणि उष्णतेने घटणार नाही अशा द्रव्याची असावीत, इतका बारकावा त्याने नोंदविला. व्यापाऱ्यांनी आपली मापे दर चार महिन्यांनी तपासून घ्यावीत, हाही नियम त्याने घालून दिला. आज दुकानदाराच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का ठराविक मुदतीने पुन्हा मारला जातो, त्यामागे हाच विचार आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासात हा राजधर्म शिवछत्रपतींच्या काळी ठळकपणे दिसतो. अण्णाजी दत्तो यांच्याकडे जमीन मोजणीचे काम सोपविले गेले. पाच हात पाच मुठी लांबीची काठी ठरली. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर, असे कोष्टक सभासदाच्या बखरीत आले आहे. रयतेवर आकारणी करायची तर आधी जमीन सर्वांसाठी एकाच काठीने मोजली गेली पाहिजे, ही त्यातील दृष्टी. काठी बदलली की न्याय बदलतो, हे त्या राज्यकर्त्यांना पुरते ठाऊक होते.

इंग्रजी अमलात काठीच्या जागी साखळी आली. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर भागात सुरू केलेली पाहणी पुढे मुंबई इलाख्यात रूढ झाली. ३३ फूट लांबीची साखळी, तिचे सोळा आणे, ३३ फूट औरसचौरस म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे कोष्टक खेडोपाडी इतके मुरले की आज ते पूर्वापार आपलेच वाटते. धरणे आणि कालवे बांधणाऱ्या अभियंत्यांचा हिशेबही घनफुटात चाले. एका सेकंदाला एक घनफूट पाणी वाहिले तर तो एक क्युसेक, आणि शंभर कोटी घनफूट पाणी साठले तर ते एक टीएमसी. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले, ते याच घनफुटाच्या काळात.

स्वदेशी माप कोणते?

स्वातंत्र्यानंतर एकाच देशात शेर, मण, पायली, बिघा, गज यांची शेकडो स्थानिक रूपे नांदत होती. एका प्रांतातील मण दुसऱ्या प्रांतातील मणाशी जुळत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. १९५६ च्या मानक वजने व मापे कायद्यानुसार ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम, मीटर आणि लिटर बाजारात आले. राजकीय मतभेद कितीही असोत, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच वजन आणि एकच माप चालू झाले ही राष्ट्रीय एकात्मतेच्या दृष्टीने मोठी घटना होती, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

येथे एक गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे. 'मीटर हे परकीय माप आणि फूट-एकर हे आपले', असा सूर अनेकदा ऐकू येतो. वस्तुस्थिती निराळी आहे. मीटरचा जन्म फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस झाला हे खरे. परंतु फूट आणि एकर ही मापे तर येथे राज्य करणाऱ्या इंग्रजांचीच. आपली काठी आणि आपला बिघा त्यांनीच मागे सारला. आणखी एक गोष्ट. मेट्रिक पद्धतीचा कणा म्हणजे दहाची पायरी. दहा मिलिमीटरांचा सेंटिमीटर, शंभर सेंटिमीटरांचा मीटर, हजार मीटरांचा किलोमीटर. ही पायरी लिहिण्यासाठी लागणारी शून्यासह दशमान स्थानमूल्य पद्धती भारताने जगाला दिली. त्या अर्थाने मेट्रिक मापात या भूमीचा वाटा इंग्रजी फुटापेक्षा निश्चितच अधिक आहे.

शिवाय फूट आता स्वतंत्रही राहिलेला नाही. १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांनी मिळून एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर असे ठरविले. म्हणजे १२ इंचांचा फूट नेमका ०.३०४८ मीटर. फूट आज मीटरच्या घरातील भाडेकरू आहे. त्याला हाकलून देण्याची घाई नको. पण घरमालक कोण, याचे भान असावे.

दागिना आणि सातबारा

दोन मापांच्या या संसाराची किंमत सर्वसामान्य कुटुंब रोजच्या व्यवहारात मोजत असते. कोल्हापुरी साज ही या नगरीची ओळख. एखाद्या घरात आजीचा साज निघतो आणि 'हा पाच तोळ्यांचा आहे' असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेलेले असते. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफी बोलीत तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम. त्यामुळे आजीचे पाच तोळे म्हणजे ५८.३ ग्रॅम, तर आजचे पाच तोळे म्हणजे ५० ग्रॅम. तोंडचा शब्द तोच राहिला आणि मधल्यामध्ये सव्वाआठ ग्रॅम सोन्याचा फरक पडला. भावंडांत वाटणी करताना कोणी 'तोळा' म्हणाले आणि कोणी 'ग्रॅम' ऐकले, तर मने दुखावतात. त्यात फसविणारा कोणी नसतो. दोन वेगळ्या मापांना एकच नाव दिल्याचा तो परिणाम असतो.

जमिनीचेही तसेच. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहिलेले असते, आणि बांधावरची बोली मात्र एकर-गुंठ्याची. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही इतके जवळचे आहेत की 'एक गुंठा म्हणजे एक आर' असे सर्रास धरले जाते. गुंठ्यामागे फरक सव्वा चौरस मीटरच्याही आतला, म्हणून तो डोळ्यांत भरत नाही. परंतु चाळीस गुंठ्यांच्या जागी चाळीस आर लिहिले गेले, तर सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजे ५०४ चौरस फूट जागा हिशेबातून निसटते. गावठाणालगतच्या जमिनीत तेवढ्या जागेवर एका कुटुंबाचे दोन खोल्यांचे घर उभे राहते. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर, त्याला 'अडीच एकर' म्हणून सोडून देणाऱ्याने ही तफावत ध्यानी घ्यावी.

विद्वानांचीही चूक होते

ही चूक अशिक्षितांचीच होते, असे समजण्याचे कारण नाही. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात माँट्रियलहून निघून ओटावामार्गे एडमंटनला जाणारे बोइंग ७६७ जातीचे प्रवासी विमान ४१ हजार फूट उंचीवर इंधन संपून मूक झाले. तो देश त्या काळी इंग्रजी मापे सोडून मेट्रिक मापे स्वीकारीत होता. विमानाला २२,३०० किलोग्रॅम इंधनाची गरज होती. टाक्यांत ७,६८२ लिटर इंधन होते. लिटरचे किलोग्रॅम करायचे तर सुमारे ०.८ ने गुणावयाचे. प्रत्यक्षात गुणले गेले १.७७ ने, आणि हा आकडा लिटरचे पौंड करण्याचा होता. उत्तर पौंडांत आले आणि ते किलोग्रॅम समजून स्वीकारले गेले. त्यामुळे सुमारे वीस हजार लिटर इंधन भरण्याऐवजी पाच हजार लिटरही भरले गेले नाही. गिमली येथील जुन्या लष्करी धावपट्टीवर वैमानिकांनी ते विमान इंजिनाविना तरंगत उतरविले आणि ६९ जणांचे प्राण वाचले. त्यांचे कौशल्य थोरच. पण त्याची वेळ यायलाच नको होती.

१९९९ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे मंगळ निरीक्षण यान मंगळाजवळ नष्ट झाले. यानाला दिलेल्या लहान धक्क्यांचे मोजमाप एका गटाच्या संगणकाने पौंडात दिले आणि दुसऱ्या गटाने ते न्यूटन समजून वापरले. दोहोंतील अंतर जवळजवळ साडेचार पटींचे. जगातील अव्वल दर्जाचे शास्त्रज्ञ दोन्ही बाजूंना होते. फक्त आकड्यासोबत एककाची खातरजमा झाली नाही. इतक्या मोठ्या यंत्रणेची ही कथा, तर पावसाच्या रात्री कंदिलाच्या उजेडात संदेश वाचणाऱ्या ग्रामस्थाची काय कथा?

पूरवार्ता कशी वाचावी?

आता पुन्हा पंचगंगेकडे वळावे. पूरवार्तेत तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली साठा, म्हणजे धरणात पाणी किती आहे, तो टीएमसीत. दुसरी विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला किती पाणी सुटते, तो क्युसेकमध्ये. तिसरी पातळी, म्हणजे पाणी किती उंचीपर्यंत चढले. ती फुटांत किंवा मीटरमध्ये. साठ्याचे रूपांतर साठ्यातच होते, उंचीचे उंचीतच. 'दहा हजार क्युसेक म्हणजे किती फूट?' हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो, पण त्याला एका गुणकाचे उत्तर नाही. नदीचे पात्र तेथे किती रुंद आहे, खाली कृष्णेला किती पाणी आहे, पाणी पुढे सरकते आहे की तुंबले आहे, यावर फूट ठरतात. हा भेद कळला की निम्म्या अफवा आपोआप थांबतात.

साठा आणि विसर्ग यांची मात्र सांगड घालता येते, आणि त्यासाठी एकच आकडा लक्षात ठेवावा. एका दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यामुळे ११,५७४ क्युसेकने पूर्ण दिवस पाणी वाहिले, की एक टीएमसी होते. तोंडी हिशेबाला 'साडेअकरा हजार क्युसेक, दिवसाला एक टीएमसी' एवढे पुरे. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत; पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, तेव्हा एकाच दरवाजातून दर सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. सातही दरवाजे उघडले तर सुमारे दहा हजार क्युसेक, अर्थात दिवसाला टीएमसीपेक्षा थोडे कमी. राधानगरीची साठवण क्षमता ८.३६ टीएमसी. आणि खाली अलमट्टीतून एक लाख क्युसेक पाणी सोडले असे ऐकले, तर तो दिवसाला ८.६४ टीएमसीचा विसर्ग; म्हणजे रोज एक भरलेली राधानगरी. आकड्याला असे ओळखीचे रूप दिले की तो माणसाशी बोलू लागतो.

पावसाचा हिशेब तर मेट्रिक मापाने विलक्षण सोपा होतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. १०० मिलिमीटर पाऊस एक चौरस किलोमीटरवर पडला, तर एक लाख घनमीटर पाणी झाले. येथे गुणाकार नाहीच, फक्त शून्ये मोजायची. एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. म्हणून २८३ चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस झाला, की एक टीएमसी पाणी आकाशातून उतरले. कोल्हापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,६८५ चौरस किलोमीटर. साऱ्या जिल्ह्यावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर तो २७ टीएमसी. तीन राधानगरींहून अधिक. त्यातील काही जमिनीत मुरते आणि काही खाचरांत थांबते. पण भोगावती, कासारी, कुंभी आणि तुळशी यांच्या खोऱ्यांतील उरलेले पाणी प्रयागच्या संगमावर येणारच. धरणाचे दरवाजे बंद असतानाही पूर का येतो, याचे उत्तर या एका गुणाकारात आहे.

पातळीच्या बाबतीत दोन सापळे आहेत. पहिला शून्याचा. राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फूट हे त्या पट्टीच्या शून्यापासून मोजलेले. सांगलीच्या आयर्विन पुलावरील धोका पातळी ४५ फूट. तिचा शून्य वेगळा. अलमट्टीचे मीटर तर समुद्रसपाटीपासूनचे. या तीन आकड्यांची परस्परांशी थेट तुलना करणे म्हणजे तीन गावच्या घड्याळांवरून एकच वेळ सांगण्यासारखे आहे. दुसरा सापळा टिंबाचा. फुटाचे इंच बारा, दशमानातील भाग दहा. '४३ फूट १० इंच' हे कोणी घाईत '४३.१०' असे लिहितो, आणि वाचणारा ते दशांश समजून ४३ फूट आणि सव्वा इंच असे वाचतो. फरक पावणेनऊ इंचांचा, जवळजवळ एक वीत. आणखी गंमत अशी की, ४३.९ नंतर ४३.१० आले की पाणी उतरले असे वाटते. प्रत्यक्षात ते इंचभर चढलेले असते. ज्या क्षणी घर सोडायचे, त्याच क्षणी माणूस निर्धास्त झोपी जातो. म्हणून फूट आणि इंच हे शब्द लिहावेत, टिंब लिहू नये.

वेळेचा हिशेबही करता यावा. पाणी ताशी दोन इंच चढत असेल, तर एका फुटाला सहा तास. ३९ वरून ४३ वर यायला चोवीस तास. ताशी चार इंच चढत असेल तर बारा. हेच मेट्रिकमध्ये म्हणायचे तर इशारा आणि धोका यांतील अंतर १.२२ मीटर, आणि ताशी दोन इंच म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटर. चढण्याचा वेग पावसागणिक बदलतो, म्हणून हा हिशेब दर तासाला नव्याने करावा लागतो.

१७२० फुटांचे कोडे

मापांचे रूपांतर राज्याराज्यांच्या वादांतही किती बोलके ठरते, त्याचे उदाहरण अलमट्टी. कृष्णेच्या पाण्याचे वाटप करणाऱ्या पहिल्या न्यायाधिकरणाने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी पाणी ठरवून दिले. तेथे माप घनफुटाचे. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये अलमट्टीसाठी ५१९.६० मीटर उंची मान्य केली आणि दुसऱ्या न्यायाधिकरणाने २०१० च्या निर्णयात ५२४.२५६ मीटर उंचीला मुभा दिली. येथे माप मीटरचे. धरणाची उंची मिलिमीटरपर्यंत का सांगितली जाते, असे हा आकडा ऐकणाऱ्याला वाटते. १७२० ला ०.३०४८ ने गुणून पाहावे. उत्तर येते नेमके ५२४.२५६. हा सारा सूक्ष्मपणा म्हणजे सरळ १७२० फुटांना घातलेला मीटरचा अंगरखा आहे.

या दोन उंचींतील अंतर ४.६५६ मीटर. मीटरमध्ये ऐकले तर ते लहान भासते. फुटांत ते सव्वापंधरा फूट होते, आणि पंधरा फूट म्हणजे काय हे शिरोळ तालुक्यातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. अलमट्टीच्या फुगवट्याचा कोल्हापूर-सांगलीच्या पुराशी संबंध किती, हा तज्ज्ञांच्या वादाचा विषय आहे आणि महाराष्ट्राने उंची वाढविण्यास विरोध नोंदविलेला आहे. त्या वादात घोषणांपेक्षा आकड्यांचे वजन अधिक आहे. आकडे समजणाऱ्या समाजाचीच बाजू न्यायासनासमोर ऐकली जाते.

नवी पावकी-निमकी

हे सारे कठीण आहे काय? मुळीच नाही. याच समाजातील आजोबांच्या पिढीने शाळेच्या ओसरीवर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी एका सुरात म्हटली होती. कागद-पेन्सिल न घेता बाजारात मणाचा आणि शेराचा हिशेब ते क्षणात सांगत. रुपयाचे सोळा आणे संपले आणि त्याबरोबर ते पाढेही गेले. त्यांच्या जागी नवी पावकी-निमकी घराघरांत म्हटली गेली पाहिजे. इंचाला पंचवीस मिलिमीटर आणि वर थोडे. दहा फुटांना तीन मीटर आणि वर पाच सेंटिमीटर. क्युसेकला अठ्ठावीस लिटर. साडेअकरा हजार क्युसेकला दिवसाचा एक टीएमसी. हेक्टरला अडीच एकरांस थोडे उणे. जुन्या तोळ्याला पावणेबारा ग्रॅमांस थोडे उणे. ही अर्ध्या डझनाची यादी दहा वर्षांचे मूल आठवड्यात पाठ करील.

कार्यकर्त्यांसाठी याहून थोडे अधिक काम आहे. पूर येण्याआधी, वैशाखातच, प्रत्येक पूरप्रवण वस्तीत मागील पुराच्या खुणा शोधाव्यात. राजाराम बंधाऱ्यावर किती फूट पाणी असताना आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येते, किती फुटांना मारुतीच्या देवळाची पायरी बुडते, किती फुटांना गोठा, हे जाणत्या माणसांना विचारून लिहून काढावे आणि फूट व मीटर अशा दोन्ही मापांत भिंतीवर रंगवावे. ही कल्पना नवीन नाही. नृसिंहवाडीला कृष्णेचे पाणी चढत जाऊन श्रीदत्तांच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, त्या दक्षिणद्वार सोहळ्याला हजारो भाविक स्नान करतात. श्रद्धेचा तो क्षण नदीच्या पातळीची नेमकी खूणही आहे. पूर्वजांनी नदीला देवता मानले, आणि तिच्यावरची नजरही ढळू दिली नाही.

दुसरे काम शिस्तीचे. संदेश पुढे पाठविताना आकडा कधीही एकटा जाऊ देऊ नये. त्याच्यासोबत एकक, ठिकाण आणि वेळ ही तीन माणसे चाललीच पाहिजेत. 'पाणी ४५ झाले' हा संदेश नव्हे, ती अफवा आहे. 'राजाराम बंधारा, सायंकाळी सहा, ४५ फूट शून्य इंच' हा संदेश आहे. ज्याला शंका असेल त्याने विचारावे, आणि ज्याला विचारले त्याने न चिडता सांगावे. गिमलीच्या विमानात एवढाच एक प्रश्न नीट विचारला गेला नव्हता.

तिसरे काम घरातल्या भगिनींचे आणि मुलांचे. पुराच्या वेळी घरातले धान्य, कागदपत्रे, दागिने आणि वृद्ध माणसे यांची काळजी बहुधा त्याच वाहतात. भिंतीवरची खूण आणि ताशी चढ यांवरून आपल्याला किती तास मिळतील, हा हिशेब घरातील एका व्यक्तीला तरी स्वतः मांडता यावा. दुसऱ्याने येऊन सांगेपर्यंत थांबणारे घर उशिराच निघते.

माप हा परस्परांना न ओळखणाऱ्या माणसांमधील करार असतो. राधानगरीच्या दरवाजापाशी उभा असलेला कर्मचारी आणि चिखलीच्या गोठ्यात उभा असलेला शेतकरी कदाचित आयुष्यात एकदाही भेटणार नाहीत. त्यांना जोडणारी गोष्ट एकच, तो एक आकडा आणि त्यामागचे एकक. तो आकडा जसा निघाला तसाच पोहोचला, तर समाज संघटित आहे असे म्हणता येईल. मराठीत 'फूट' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. नदी फुटांनी मोजण्यास हरकत नाही. फक्त त्या फुटांमुळे माणसांत आणि माहितीत फूट पडू नये, एवढी दक्षता घेतली पाहिजे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक घराच्या भिंतीवर ती एक रेघ उमटली, दोन मापांत आणि सुवाच्य अक्षरांत, तर तेवढ्याने पुष्कळ काम होईल.